एशियाटिकचं कोर्ट: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका (वय 72 असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, राग नसावा), माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. मुंबईच्या फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीची लायब्ररी आहे आणि सिनेमात हीच इमारत कोर्ट म्हणून दिसते, असं मी लिहिलं होतं. तुमचा मुद्दा असा की एशियाटिकसारख्या ज्ञानमंदिराचं सिनेमावाल्यांनी कोर्ट करून टाकलं, पोरंटोरं आता तिथं रील काढायला जातात आणि मी वर त्याचंच कौतुक करत बसलोय. ‘जे आहे ते दाखवायला काय धाड भरते?’ हे तुमचं वाक्य.

बरं, जे आहे ते दाखवू. मुंबईचं खरं सेशन्स कोर्ट जुन्या सचिवालयाच्या इमारतीत आणि हायकोर्ट त्याच ओळीत ओव्हल मैदानाला लागून, 1878 ची गॉथिक बिल्डिंग, देखणी आहे, वाद नाही, पण आठवडाभर तिथं वकील, पक्षकार, पोलीस यांची ही झुंबड, त्यात ट्रॉली लावून ‘ॲक्शन’ ओरडायला कोण उभं करणार? आणि समजा केलं, तरी सिनेमाला कोर्टाकडून हवं असतं काय? हिरो निर्दोष सुटून बाहेर येतो, आई खाली डोळे पुसत उभी, पत्रकार माइक घेऊन वर धावतात, व्हिलन गाडीत बसताना वळून बघतो. म्हणजे पायऱ्या हव्यात, रुंद, भरपूर, आणि समोर मोकळी जागा. टाउन हॉलला 30 पायऱ्या, वर आठ डोरिक (जुन्या ग्रीक धाटणीचे) खांब, समोर हॉर्निमन सर्कल असल्यामुळे कॅमेरा मागे घ्यायला वाव. तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी सगळं सावलीत आणि दुपार कलली की ऊन थेट खांबांवर. शिवाय रविवारी फोर्टात चिटपाखरू नसतं. कॅमेरामनला अजून काय पाहिजे हो? वर ‘न्यायालय’ असा एक बोर्ड टांगला की झालं. तुम्ही एकदा खालच्या पायरीवर उभं राहून वर बघाच, मान आपोआप मागे जाते आणि काही गुन्हा न करता छातीत धस्स होतं. ही जरब बिल्डिंगची स्वतःची आहे, 1833 पासूनची, सिनेमावाल्यांनी ती नुसती वापरली.

तुमचा नियम शनिवारवाड्याला लावला तर काय होईल बघा. 1828 च्या आगीत आतले महाल गेले, उरली तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि जोती. म्हणजे बाजीराव हिरवळीवर उभा राहून डायलॉग मारणार आणि मागे शाळेची ट्रिप! म्हणून तर 2015 च्या ‘बाजीराव मस्तानी’साठी गोरेगावच्या फिल्मसिटीत महाल उभारले. उलट पुण्यातल्याच आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी खरोखर नजरकैदेत होते आणि 1982 च्या ‘गांधी’चं शूटिंगही तिथं झालं, तिथं बिल्डिंग स्वतःच्याच भूमिकेत. दोन्ही चालतं की.

आणि हे काही आपल्याकडचंच खूळ नाही. 1984 च्या ‘घोस्टबस्टर्स’मधलं ते फायर स्टेशन बाहेरून दिसतं ते न्यूयॉर्कच्या ट्रायबेकातलं आणि आतून ते लॉस एंजेलिसचं दुसरंच, मधे अख्खा अमेरिका खंड. न्यूयॉर्कवाल्यात अजून खरे बंबवाले आहेत, दारात लोक फोटो काढतात, म्हणून काय बंब निघायचे थांबलेत?

रीलवाल्यांचा मला त्रास नाही. त्रास आहे तो प्री-वेडिंगवाल्यांचा, घागरा पाच पायऱ्यांवर पसरवून ठेवतात आणि वाचायला आलेल्या माणसाने कडेकडेने जायचं. तिथं मी तुमच्या बाजूने. पण लोक लायब्ररीत फिरकत नाहीत त्याचं खापर सिनेमावर का? नालासोपाऱ्याच्या स्तूपात 1882 मध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींना सापडलेले बौद्ध अवशेष एशियाटिककडे आहेत, इटालियन कवी दांतेच्या डिव्हाइन कॉमेडीचं जुनं हस्तलिखित आहे, हे किती जणांना माहितीय? कोर्ट बघायला आलेला एखादा तरी दारावरचं नाव वाचून आत डोकावेल. तुम्ही फोर्टात 30 वर्षं नोकरी केलीत असं लिहिलंय, मग खरं सांगा काका, त्या पायऱ्या चढून आत किती वेळा गेलात?

आणि हो, शेवटी विचारलं होतंत ते ‘जुम्मा चुम्मा’ गाण्याचं लोकेशन कुलाब्याची मुकेश मिल, 1982 च्या आगीनंतर बंद पडलेली. तिच्यावर वेगळं लिहितोय, तेव्हाही भांडायला या.