‘फ्रीजमध्ये ठेवली की झालं’: प्रोबायोटिक पावडरीबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

पावसाळ्यात पोट बिघडण्याच्या तक्रारी वाढल्या की गोव्यातल्या घरगुती व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: प्रोबायोटिक पावडर (पोटासाठी घेतात ती जिवंत जंतूंची पूड) म्हणजे दह्यातलेच जंतू, तेव्हा तान्ह्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजारी माणसापर्यंत कुणालाही बिनधास्त द्या. मोठा डबा घ्या, स्वस्त पडतो. फ्रीजमध्ये ठेवली की खराब होत नाही. ओल धरू नये म्हणून डब्यात मूठभर तांदूळ टाका. गरम पेजेत ढवळून द्या. मुदत संपली असेल तर दुप्पट द्या आणि उरली तर दूध विरजा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यातली जवळपास प्रत्येक सूचना एक तर पावडरीतले जंतू मारते, नाहीतर घेणाऱ्याला धोक्यात टाकते.

‘फ्रीजमध्ये ठेवली की खराब होत नाही.’ हे अर्धेच खरे आहे. पावडर बनवताना लॅक्टोबॅसिलस किंवा बिफिडोबॅक्टेरियम जातीचे जंतू आधी गोठवतात आणि मग निर्वात अवस्थेत त्यांच्यातले पाणी काढून घेतात. सोबत दुधाची भुकटी, साखर किंवा ट्रेहॅलोज (साखरेचाच एक प्रकार) असते. ते सुकून काचेसारखे कडक होते आणि जंतू त्यात निपचित पडून राहतात. ओलावा शिरला की हे कवच मऊ पडते. जंतू अर्धवट जागे होतात, पण वाढायला लागणारे पाणी त्यांना मिळत नाही. पेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्ये हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतात आणि जंतू मरत जातात. थंडीने हा वेग कमी होतो, पण आत गेलेली ओल काही बाहेर निघत नाही.

पदार्थातले मोकळे पाणी वॉटर ॲक्टिव्हिटीच्या ० ते १ या मापावर मोजतात. चांगली पावडर ०.२ च्या खाली असते. त्याच मापावर जुलैतली पणजी-म्हापशाची हवा ०.८५ ते ०.९ च्या घरात जाते. हवा २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर साधारण २६ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरते. फ्रीजमधून काढलेला डबा असतो ४ ते ८ अंशांवर. तो तसाच उघडला की बाहेरच्या बाजूला दिसणारे दव आतल्या पावडरीवरही बसते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. रोज सकाळी हेच केले तर महिनाभरात डब्यातला बराचसा भाग कामातून जातो.

म्हणून डबा बाहेर काढल्यावर झाकण बंद ठेवूनच तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. एकट्या सॅशेला (एका मात्रेच्या पुडीला) दहा-पंधरा मिनिटे पुरतात, १०० ग्रॅमच्या डब्याला पाऊण ते एक तास लागतो. बाहेरचे दव पुसून काढा, ते पुन्हा जमत नाही अशी खात्री करा आणि मगच उघडा. फ्रीजच्या दारात ठेवू नका, तिथले तापमान दिवसभर वरखाली होते. मधल्या फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वीज गेली तर घाबरून पावडर बाहेर काढायची गरज नाही. दार न उघडता फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो, आणि कोरडी, बंद पावडर तेवढ्याने मरत नाही.

मग सगळ्याच पावडरी फ्रीजमध्ये का? नाही. पाकिटावर २ ते ८ अंश लिहिले असेल तर फ्रीज हवाच. बॅसिलस क्लॉसाय, बॅसिलस कोॲग्युलन्स यांसारखे जंतू बीजाणूंच्या (जाड कवचातल्या सुप्त पेशींच्या) रूपात असतात, ते खोलीच्या उष्णतेला पुरून उरतात. मात्र ‘२५ अंशांखाली ठेवा’ ही सूचना गोव्यात फसवी ठरते, कारण एसी नसलेल्या घरात वर्षातला बहुतेक काळ तापमान २५ च्या वरच असते. अशी पाकिटेही हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलेली बरी. शेगडीच्या वरचे कपाट आणि उन्हात उभ्या स्कूटरची डिकी या दोन जागा कुठल्याच पावडरीसाठी नाहीत. फार्मसीतून निघालात तर बाजार आधी उरका, पावडर शेवटी घ्या.

तांदळाचे दाणे. मिठाच्या डब्यात चालणारी ही युक्ती इथे उलटते. साठवणीच्या तांदळात १२ ते १४ टक्के पाणी असते आणि त्याची वॉटर ॲक्टिव्हिटी ०.६ च्या आसपास, पावसाळ्यात त्याहूनही जास्त. ओल नेहमी जास्तीकडून कमीकडे जाते, म्हणजे तांदूळच पावडरीला पाणी देतो. वर धूळ, बुरशी आणि किडे येतात ते वेगळेच. डब्यासोबत आलेली सिलिका जेलची पुडी तशीच आत ठेवा. ती फाटली असेल तर पावडर वापरू नका. डबा उन्हात वाळवण्याचा विचारही नको.

मोठा डबा स्वस्त. रोज एक ग्रॅम काढण्यासाठी १०० ग्रॅमचा डबा शंभर वेळा उघडावा लागतो. प्रत्येक वेळी आतली कोरडी हवा जाऊन दमट हवा येते. घरच्या वापरासाठी एकेका मात्रेची ॲल्युमिनियम सॅशेच योग्य. डबा आधीच घेतलेला असेल तर एकदाच वाटणी करा. खोलीतला एसी अर्धा तास चालू ठेवा, त्याने हवा बरीच कोरडी होते. पंखा बंद करा. खोलीच्या तापमानाला आलेला डबा उघडून पूर्ण कोरड्या चमच्याने आठ-आठ दिवसांचा साठा छोट्या, कोरड्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्यांत भरा. प्रत्येकीवर नाव, मुदत आणि उघडल्याची तारीख लिहा. गोळे झालेली, पिवळट पडलेली किंवा खवट वास येणारी पावडर टाकून द्या. पावडर मोकळी दिसते म्हणून ती जिवंत आहे असे मात्र समजू नका. फोडलेले अर्धे सॅशे संध्याकाळसाठी घडी घालून ठेवण्यात काही अर्थ नाही.

गरम पेज. भांड्यातून नुकती वाढलेली पेज ७० अंशांच्या पुढे असते. दूध पाश्चराइज करायला ७२ अंशांवर १५ सेकंद पुरतात, आणि त्यात बहुतेक लॅक्टोबॅसिलस मरतात. सॅशे साध्या पाण्यात किंवा कोमट झालेल्या पेजेत ढवळा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब गरम लागला तर अजून थांबा. ढवळल्यावर लगेच प्यायला द्या. सोलकढी किंवा लिंबूपाण्यात नको, आंबटपणाने कोरडे जंतू आणखी दुखावतात. ओआरएसच्या एक लिटर द्रावणात पावडर घालून दिवसभर घोट घोट देणेही चुकीचे. जुलाबात शरीरातले पाणी भरून काढते ते ओआरएस, आणि पावडरीला त्याची जागा घेता येत नाही. अँटिबायोटिक चालू असेल तर ते आणि पावडर यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा. सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही, पण बुरशीवरच्या औषधाने मरते.

मुदत संपली तर दुप्पट. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांत प्रोबायोटिकच्या दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जंतू अपेक्षित आहेत. मुदतीनंतर त्यांतले निम्मे उरले की हजारावा भाग, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. मग दुप्पट कशाच्या?

‘दह्यातलेच जंतू, कुणालाही द्या.’ संदेशातले सर्वांत घातक वाक्य हेच. निरोगी माणसाला या पावडरींनी सहसा काही होत नाही, हे खरे. पण २०२३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयांना इशारा दिला, त्यामागे १००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मृत्यू होता. त्याच्या रक्तात सापडलेला जंतू दिलेल्या प्रोबायोटिकमधलाच होता. त्याआधी २०१४ मध्ये तिथेच २९ आठवड्यांवर जन्मलेले एक बाळ दगावले. त्या पावडरीत ऱ्हायझोपस बुरशी मिसळलेली होती, आणि ती न उघडलेल्या डब्यांतही सापडली. म्हणजे घरी कितीही काळजी घेतली तरी कारखान्यातला दोष घरात पकडता येत नाही. कमी दिवसांचे बाळ, केमोथेरपी चालू असलेला, अवयव प्रत्यारोपण झालेला किंवा मोठ्या शिरेत नळी असलेला रुग्ण, यांना डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय ही पावडर देऊ नये. घरातल्या दुसऱ्या कुणासाठी आणलेली उरलेली पुडी तर नाहीच.

अशा रुग्णाला ती थेट न देताही पोहोचू शकते. सॅकरोमायसिस बोलार्डीचे सॅशे फोडताना उडालेली पूड हात-हवेमार्फत शिरेतल्या नळीपर्यंत जाऊन यीस्ट रक्तात गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ते रुग्णाच्या खोलीत फोडू नये. दुसऱ्या खोलीत, पंखा बंद करून, हातमोजे घालून फोडावे, मोजे लगेच टाकावेत आणि हात साबण-पाण्याने धुवावेत. बॅसिलसच्या बीजाणूंवर अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा काही परिणाम होत नाही, तिथे धुणेच हवे. सांडलेली पूड झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. कोंबड्यांच्या खाद्यात किंवा कोळंबीच्या तळ्यात किलोंनी पावडर मिसळणाऱ्यांनी एन-९५ मास्क आणि चष्मा घालावा, वाऱ्याकडे पाठ करून काम करावे. वारंवार श्वासातून गेलेल्या या धुळीने श्वसनाची ॲलर्जी होऊ शकते, आणि युरोपात खाद्यातले असे जंतू मुळातच अशी ॲलर्जी करणाऱ्या पदार्थांत धरतात.

उरली तर दूध विरजा. बाजारातल्या बऱ्याच पावडरी दही लावतच नाहीत. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या प्रसिद्ध जातीला दुधातली साखर आंबवता येत नाही, तर बॅसिलस क्लॉसायचे काम दही लावण्याचे नाही. आंबटपणा वेळेत आला नाही की कोमट दुधात उकळीतून वाचलेले दुसरेच बीजाणू रात्रभरात वाढतात, आणि त्यांत उलट्या-जुलाब करणारा बॅसिलस सिरियसही असू शकतो. विरजण दह्याचेच घ्या, आणि पावडर घालून ठेवलेले दूध सकाळी घट्ट न होता नुसते फाटले किंवा तारेला आले असेल तर चव न घेता ओतून द्या.