तेल्चच्या फोटोंतून गाड्या पुसू नका

जुन्या गावाचे फोटो काढायचे आणि मग त्यातून आजचं गाव पुसून टाकायचं, ही रीत मला अजिबात पटत नाही. हल्ली तर त्याची सोय फोनमध्येच आहे. गाडीभोवती बोटाने गोल काढला की गाडी गायब. तीच गत कचरापेटीची, पाटीची, आइस्क्रीम खात उभ्या असलेल्या माणसाची. उरतो तो रिकामा चौक, वर निळं आकाश, आणि खाली कॉमेंट येते, 'वा! जणू परीकथाच!'

चेक प्रजासत्ताकातल्या तेल्च गावाचे फोटो टाकले तेव्हापासून हे ऐकतोय. फोटो छान आहेत, पण त्या गाड्या काढून टाकायला हव्या होत्या म्हणे. भाच्याने तर थेट फोनच मागितला. "मामा, दोन मिनिटांचं काम आहे, मी करून देतो." मी दिला नाही. का दिला नाही ते कॉमेंटमध्ये मावेना, म्हणून ही पोस्ट.

आधी गावाबद्दल थोडं. तेल्च मोराव्हियाच्या, म्हणजे देशाच्या पूर्वेकडच्या प्रांताच्या, पश्चिम भागात आहे. वस्ती जेमतेम पाच हजार. प्राग, चेस्की क्रुमलोव्ह आणि तेल्च ही तिन्ही नावं १९९२ साली एकदमच युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. पहिल्या दोन ठिकाणी पाय ठेवायला जागा नसते. तेल्चला अजून निवांत उभं राहून कॅमेरा लावता येतो.

गावाचा जुना भाग तळ्यांच्या मधोमध आहे. ही तळी माणसांनीच बांधलेली, गावाच्या रक्षणासाठी आणि माशांसाठी. आत एकच लांबोडका चौक, एका टोकाला किल्लेवजा राजवाडा, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटून उभी घरं. १५३० साली मोठी आग लागली आणि चौकाचं बरंच नुकसान झालं. पुढे गावाची मालकी ह्रादेत्स घराण्यातल्या झाखारियाशकडे आली. हा गडी इटली पाहून आलेला. त्याने इटालियन कारागीर बोलावले, मध्ययुगीन गॉथिक शैलीतला जुना किल्ला इटलीहून आलेल्या नव्या रेनेसाँ थाटात बदलून घेतला, बाल्दासारे माज्जीसारखा वास्तुकार कामाला लावला. मालकाचं पाहून चौकातल्या व्यापाऱ्यांनीही आपापल्या घरांना नवी तोंडं बसवली. आज चौकाला नाव झाखारियाशचंच आहे. तो १५८९ साली वारला. राजवाड्यातल्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, तो आणि त्याची बायको कातेर्झिना यांची थडगी आहेत.

'नवी तोंडं' हा शब्द मी मुद्दाम वापरला. तेल्चचा जो फोटो सगळीकडे दिसतो तो समोरून काढलेला असतो. गुलाबी, पिवळी, पिस्त्याच्या रंगाची घरं ओळीने, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर नक्षीदार, गोलाईदार भिंत. आर्किटेक्ट मंडळी तिला गेबल म्हणतात. समोरून वाटतं, घर तेवढं उंच आहे. जरा तिरपं उभं राहून पाहा. त्या भिंतीमागे साधंसुधं उतरतं छप्पर असतं आणि भिंतीचा वरचा भाग त्याच्या पुढे नुसता मिरवायला उभा असतो. मागे घरं अरुंद आणि खोल गेलेली. पुण्याच्या पेठांत दर्शनी बाजू हातभर आणि आत चौकामागे चौक अशा वाड्यांत जे राहिले आहेत त्यांना हे लगेच कळेल. सगळी तोंडं एका काळातलीही नाहीत. काहींवर रेनेसाँ आहे, काहींवर नंतरची, जास्त भरजरी बरोक शैली. चौकातला येशूच्या आईचा, मेरीचा स्तंभ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. रंग तर वेळोवेळी नव्याने दिलेले, म्हणजे आजचेच. आपण ज्याला 'सोळावं शतक' म्हणून फोटोत पकडतो, त्यात चार-पाच शतकं एकत्र नांदत असतात. मग एकविसाव्या शतकातली एक स्कोडा तेवढी का खुपावी?

इथे कोणी म्हणेल, अहो, ही घरंच मुळात देखावा आहेत, मग फोटोत थोडा देखावा केला तर बिघडलं कुठे? प्रश्न बरोबर आहे. मला त्याचं उत्तर भिंतीवरच्या स्ग्राफितोमध्ये सापडलं.

स्ग्राफितोची पद्धत अशी. आधी गडद रंगाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा पातळ थर. तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडायचा. खरवडलेल्या जागी खालचा गडद थर दिसतो आणि चित्र उमटतं. तेल्चमध्ये एका कोपऱ्यावरच्या १५ क्रमांकाच्या घरावर अशा आकृत्या आहेत, शिवाय भिंतीबाहेर काढलेला गोलसर सज्जा. ६१ क्रमांकाच्या घराचा गेबल तर नक्षीने भरलेला. काही भिंतींवर पैलू पाडलेल्या दगडांचा भास करणारे चौकोन कोरलेले असतात. खरा घडीव दगड महाग, म्हणून चुन्यात दगडाचं सोंग.

लांबून हे सोंग बेमालूम वाटतं. जवळ गेलं की हत्याराचा ओरखडा दिसतो, हाताचा कंप दिसतो, रेघ कुठे चुकली तेही दिसतं. भिंत फसवते, पण पकडायची संधीही देते. सकाळचं किंवा उतरतं ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा ओरखड्यांच्या बारीक कडा उठून दिसतात. स्ग्राफितोचा फोटो तेव्हाच काढावा. भर दुपारी तो कागदावर छापल्यासारखा सपाट येतो. पुसलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र जवळ जायची सोयच नाही. कितीही मोठा करून पाहा, तिथे यंत्राने भरलेले फरसबंदीचे दगड दिसणार, आणि ते तिथे कधीच नव्हते.

स्ग्राफितोचा विषय निघालाच आहे तर लितोमिश्ल या दुसऱ्या चेक गावाची गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या राजवाड्याच्या भिंतींवर असे सुमारे आठ हजार चौकोन आहेत आणि एकसारखे दोन सापडत नाहीत. १९७० च्या दशकात त्यांच्या दुरुस्तीचं मोठं काम निघालं. ते करणाऱ्यांत शिल्पकार ओल्ब्राम झोउबेक होता. १९६८ मध्ये सोव्हिएत फौजांनी देश व्यापला, त्याच्या निषेधात १९६९ मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने स्वतःला जाळून घेतलं. त्याचा मृत्युमुखवटा, म्हणजे मृत चेहऱ्याचा साचा, घेणारा तो हाच. कम्युनिस्ट सरकारची मर्जी गेली, स्वतःची कला मांडायची दारं बंद झाली, आणि मग असे कलावंत जुन्या भिंती दुरुस्त करत बसले. जिथे मूळ नक्षी पार गेली होती तिथे त्यांनी आपल्या मनातलंही कोरलं. आता त्या भिंतीचा फोटो 'रेनेसाँ' म्हणून टाकायचा की 'कम्युनिस्ट राजवट' म्हणून? मला तर दोन्ही लिहावंसं वाटतं.

चेक लोकांना हे शिकवायला नको. त्यांचा फोटोग्राफर योसेफ सुदेक होताच. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला माणूस, एका हाताने अवजड कॅमेरा सांभाळणारा. १९२० च्या दशकात तो प्रागच्या सेंट व्हायटस कॅथेड्रलमध्ये फोटो काढत होता. हे कॅथेड्रल १३४४ साली बांधायला घेतलं आणि पूर्ण झालं १९२९ मध्ये. सुदेक तिथे फोटो काढत होता तेव्हा आत अखेरचं काम चालू होतं. उंच गॉथिक खांब, वरून तिरपा येणारा प्रकाश, आणि खाली फळ्या, ढिगारे, कामगारांचं सामान. त्याने ते सामान फ्रेममधून हुसकलं नाही. धुळीमुळेच तो प्रकाश दिसतोय आणि पसाऱ्यामुळेच खांबांची उंची कळतेय. त्याच्या जागी आपल्यातला कोणी असता तर म्हणाला असता, 'काम संपू दे, मग येतो.'

म्हणजे मी फोटोवर काहीच करत नाही असं नाही. कॅमेरा वर केला की इमारती मागे पडताना दिसतात. त्या रेषा मी सरळ करतो. उभं राहून पाहताना आपल्या डोळ्यांना भिंती सरळच वाटतात, वाकडेपणा कॅमेरा तिरपा धरल्याचा असतो, तो काढण्यात मला गैर वाटत नाही. तेल्चमध्ये त्याची गरजही कमी पडते, कारण चौक रुंद आहे. समोरच्या रांगेच्या कमानींखाली जाऊन उभं राहायचं, कॅमेरा क्षितिजाला समांतर धरायचा, काम झालं. पांढऱ्या भिंतींमुळे कॅमेरा फसतो आणि फोटो काळवंडतो, तेव्हा उजेड थोडा वाढवून घ्यावा लागतो. एवढं चालतं. नव्हतं ते घालणं आणि होतं ते काढणं, माझी हद्द तिथे.

त्या कमानींबद्दल जास्त सांगायचंय, कारण फोटोत सगळ्यात कमी दिसतात त्या त्याच. चौकाच्या कडेने घरांच्या खाली सलग पडवी जाते. पाऊस असो की बर्फ, गिऱ्हाइकाला कोरडं राहून दुकानं फिरता यावीत. म्हणजे हा चौक मुळात बाजाराचा. तिथे गाड्या (तेव्हा घोड्यांच्या), पोती, गिऱ्हाइकं, घासाघीस असणारच. रिकामा, धुऊन पुसून ठेवलेला चौक त्या काळातही कोणी पाहिला नसेल. आज पडवीत कॉफीची दुकानं आहेत, भेटवस्तूंची आहेत, आणि गावकरी ज्यासाठी येतात ती साधी दुकानंही आहेत. मी एका कमानीत कॅमेरा लावून बसलो होतो. एक आजी भाजीची पिशवी घेऊन आल्या, मला फ्रेम मिळावी म्हणून थांबल्या. मी हातानेच 'या, या' केलं. त्या हसून फ्रेममधून चालत गेल्या. माझ्याकडचा तेल्चचा सगळ्यात बरा फोटो तोच. आजींच्या उंचीवरून कमानीची उंची कळते, आणि जोत्याचे दगड पायांनी झिजलेत ते कशामुळे तेही कळतं. चेहरा अंधारात आहे, म्हणूनच इथे टाकतोय.

गाड्या मलाही आवडत नाहीत. चौकात त्या नसत्या तर गाव जास्त सुखाचं झालं असतं असं माझं मत आहे. पण हे भांडण पार्किंगच्या धोरणाशी आहे आणि ते तिथल्या लोकांनी तिथे करायचंय. फोटोतून गाडी पुसून मी त्यांचा प्रश्न सोडवत नाही, फक्त लपवतो. आणि असे पुसलेले हजारो फोटो पाहून जो पर्यटक तिथे पोचतो, तो बसमधून उतरल्या उतरल्या हिरमुसतो. 'फोटोत तर असं नव्हतं,' म्हणतो. खऱ्या गावाला असं खोट्या फोटोसमोर नापास करायचं, हे मला त्या गाड्यांपेक्षा जास्त खुपतं.

कोणी जाणार असाल तर थोडं कामाचं. सोमवारी जाऊ नका, चेक राजवाडे बहुतेक सोमवारी बंद असतात. हिवाळ्यात तर आधी चौकशी करूनच निघा. सहलीच्या गाड्या दुपारी येतात आणि परत जातात, त्यामुळे रात्री मुक्काम केलात तर दोन्ही बाजूंचं ऊन मिळेल. घरांची एक रांग सकाळी उजळते, दुसरी दुपारनंतर. सेंट जेम्स चर्चचा मनोरा चढायला उघडा असेल तर जरूर चढा. वरून गेबलांच्या मागची छपरं, परसातल्या बागा, वाळत घातलेले कपडे आणि तळी एका नजरेत येतात. त्यानंतर तळ्याकाठच्या वाटेने गावाला फेरी मारून घरांच्या पाठी बघा. तो फोटो फारसा कोणी टाकत नाही. तुम्ही काढलात तर मला टॅग करा, आणि कपडे पुसू नका.