रेंवेत पडलेला बांगडा

कालपासून आमच्या वाड्यावर मी गरीब झालोय.

झालं एवढंच, की रक्तात कोलेस्ट्रॉल वाढलेलं निघालं, डॉक्टर म्हणाले, "मासे खा, पण तळलेले नकोत", आणि मी एअर फ्रायर घेऊन आलो. ट्रॉलरने मासे पकडण्यावरची पावसाळी बंदी 1 जूनला सुरू होते ती 31 जुलैपर्यंत, म्हणजे 61 दिवस जीभ आवरून बसल्यानंतरचे हे पहिले बांगडे. मीठ, हळद, तिखट, आगळ (कोकमाचा आंबट रस), वर रवा. 180 अंश, 15 मिनिटं.

तेवढ्यात दारात नुस्तेकान्न, म्हणजे मासे विकणारी, मावशी. सकाळी सुटे नव्हते, तिचे 50 रुपये द्यायचे राहिले होते.

"पुता, तें कितें वाजता?" तिने यंत्राच्या आवाजाकडे कान दिला.

"बांगडे होतायत, मावशी."

"गॅस सोंपलो?"

"गॅस आहे. यात तेल लागत नाही."

ती थेट स्वयंपाकघरात आली. मी ऐटीत ट्रे ओढला. रवा पांढराफटक. पंख्याच्या वाऱ्याने अर्धा उडून तळाशी बसलेला. मावशीने एक बांगडा शेपटीला धरून उचलला, उजेडात नेला, उलटा केला, फुंकर मारली.

"हो रेंवेंत पडलो मरे! धू आनी परत भाज."

रेंव म्हणजे वाळू. मी समजावू लागलो: हे यंत्र म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी, गरम वारा गोल फिरतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "तेल ना जाल्यार म्हाका सांगपाचें न्हय?" मी पन्नासची नोट पुढे केली, तर तिने माझी मूठ मिटवली. "रावूं दी, पुता."

नावात फ्रायर कशाला म्हणे? तव्यावर गरम तेल रव्याच्या कणाकणाला लागतं, म्हणून तो लाल होतो. कोरड्या रव्याला नुसता वारा काय करणार? गेल्या रविवारी यातच बन्स केले होते. पिकलेलं केळं, दही, मैदा, जिरं, सगळं बरोब्बर. कडकडीत तेलात आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि बन फुगतो. इथे ती हळूहळू निसटून गेली आणि पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, कडक काकणांसारखं काहीतरी हाती आलं. काकणं निदान चहात बुडवता तरी येतात.

आणि खरं सांगू? कोलेस्ट्रॉल बांगड्याने वाढलेलंच नाही. तव्यावर त्याला तेल लागतं ते चार चमचे. ते वाढवलं ऑफिसखालच्या गाड्यावरच्या मिरची भज्यांनी, रोज पाच वाजता, वर्षानुवर्षं. शिक्षा मात्र बांगड्याला. डॉक्टरांनी भज्यांचं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या काकी कुंपणापाशी आल्या. "नोकरी बरी चालली आहे ना रे?" एवढंच विचारलं, पण नजर माझ्या चपलांवर होती.

रात्री उरलेल्या दोन बांगड्यांच्या रव्यावर चमचाभर खोबरेल चोळलं आणि 200 अंशांवर लावले. लाल झाले, कुरकुरीतही झाले, बऱ्यापैकी. बघायला कोणी नव्हतं.

आज सकाळी मावशीने पाटी उतरवली, पण बांगड्यांवरचं फडकं काढलंच नाही. स्वस्तातले तारले पुढे केले.

"तारले व्हर, पुता. सवाय आसात."