एमिनेम ड्रेला रस्त्यावर सापडला नव्हता

‘हॉटेलात भांडी घासणारा गरीब पोरगा. साथीला कुणी नाही. एक स्पर्धा जिंकला, डॉ. ड्रेची नजर पडली आणि एका रात्रीत स्टार!’ अमेरिकन रॅपर एमिनेमबद्दलचा हा मजकूर (ड्रे म्हणजे नावाजलेला रॅपर आणि संगीत निर्माता) दर थोड्या दिवसांनी कुठल्यातरी ‘प्रेरणादायी’ ग्रुपवर येऊन पडतोच. यातलं भांडी घासणं खरं आहे. डेट्रॉइटलगतच्या सेंट क्लेअर शोअर्समध्ये, गिल्बर्ट्स लॉज नावाच्या हॉटेलात. बाकीची भर फॉरवर्ड करणाऱ्यांची.

साथीला कुणी नाही? मग त्याचा रॅपर मित्र प्रूफ कोण होता? डेट्रॉइटच्या सेव्हन माइल रोडवर ‘हिप हॉप शॉप’ नावाचं कपड्यांचं दुकान होतं. शनिवारी तिथे माइक सुरू व्हायचा आणि पोरं एकमेकांना यमकांत सोलून काढायची. सूत्रसंचालन प्रूफकडे. जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय असलेल्या त्या घोळक्यात एका गोऱ्या पोराला कोण उभं करणार? प्रूफने केलं. ‘सोल इंटेंट’ या गटात दोघं एकत्र होते. त्यांची सिंगल 1995 ची. मग प्रूफनेच डी12 हा रॅप गट जमवला. सहा जण, आणि प्रत्येकाने स्वतःचं एक दुसरं, वाह्यात रूप घडवायचं, ही त्यातली अट. एमिनेमच्या वाट्याचं ते रूप म्हणजे स्लिम शेडी. ज्या नावावर त्याची एकट्याची कारकीर्द उभी राहिली, ते नाव टोळीच्या खेळातून आलं. हे त्या मजकुरात कधीच नसतं.

स्पर्धा जिंकला? हरला! 1997 ची रॅप ऑलिम्पिक्स, लॉस एंजेलिस, दुसरा क्रमांक. बक्षिसाचे पैसेही हुकले. मात्र त्याची डेमो टेप इंटरस्कोप या रेकॉर्ड कंपनीच्या हाती लागली, तिचा प्रमुख जिमी आयोव्हीनपर्यंत गेली आणि त्याने ती ड्रेला ऐकवली. जिंकतो तो ‘8 माइल’ सिनेमातला, एमिनेमनेच रंगवलेला रॅबिट. लोक सिनेमा बघतात आणि चरित्र म्हणून सांगतात. (त्याच सिनेमात सुरुवातीला रॅबिटची बोलती बंद करणारा लिल टिक दिसतो ना, तो खुद्द प्रूफ आहे.)

राहिली ‘एक रात्र’. पहिला अल्बम ‘इन्फिनिट’ नोव्हेंबर 1996 चा. काढला डेट्रॉइटच्या बास बंधू या निर्मात्यांनी, प्रती हजाराच्या आसपास, आणि स्थानिक रेडिओने ढुंकूनही पाहिलं नाही. नास या रॅपरची नक्कल करतोय, असंही ऐकावं लागलं. पुढच्या वर्षी ‘स्लिम शेडी ईपी’, म्हणजे छोटा अल्बम. ड्रेच्या कानावर पडला तो इतक्या खस्ता खाऊन घडलेला रॅपर.

ड्रेचं श्रेय नाकारायचं कारण नाही. ‘माय नेम इज’ हे गाणं त्याच्याच हातचं, आणि गोऱ्या रॅपरवर पैसे लावायला आजूबाजूचे कुरकुरत असताना तो बधला नाही. पण 1999 च्या ‘द स्लिम शेडी एलपी’ या अल्बमवर ड्रेने घडवलेली गाणी मोजून तीन. बहुतेक काम बास बंधूंचं, आणि काही गाणी तर ईपीवरूनच उचललेली.

हल्ली या मजकुराला आणखी एक शेपूट फुटलंय : ‘मोठा झाला आणि मित्रांना विसरला.’ डी12 चा ‘डेव्हिल्स नाइट’ 2001 मध्ये त्याच्याच शेडी रेकॉर्ड्सवर आला आणि थेट बिलबोर्ड या अमेरिकी खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. 2006 मध्ये गोळीबारात जीव जाईपर्यंत प्रूफ त्याच्यासोबत स्टेजवर होता. रॉइस द फाइव्ह नाइन या दुसऱ्या रॅपर मित्राशी मधली काही वर्षं बिनसलं होतं, हे खरं. 2011 मध्ये त्या दोघांनीही एकत्र रेकॉर्ड काढली.