माळ खिशात

परवा आमच्या गावच्या सप्त्यात एका पोराला दारू सुटावी म्हणून तिसऱ्यांदा माळ घातली. बायको मागं पदर डोळ्याला लावून उभी. महाराज म्हणाले, "आता सुटली बघ." मंडपातल्या बायाबापड्यांनी हात जोडले. मी खाली मान घालून चपला शोधायला लागलो. कारण मी स्वतः दोनदा घातलीय.

पहिली साडेतीन महिने टिकली. मग एका संध्याकाळी चोर्ल्याच्या रस्त्याला एका बारमध्ये माळ काढली, शर्टाच्या खिशात ठेवली, वर रुमाल कोंबला. नाइंटी मारली, चूळ भरली आणि माळ परत गळ्यात. पांडुरंगाला दिसू नये म्हणून रुमाल! दुसऱ्या माळेच्या वेळी रुमालसुद्धा लागला नाही.

माळेवर माझा राग नाही. माळेनं सुटलेली माणसं आमच्याच भावकीत आहेत, त्यांच्या पाया पडतो. खरं आमच्या भागात दारुड्याला देव कधी कमी पडत नाही. सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का, पंढरपूर, सगळीकडं शपथा घेऊन आलोय. कमी पडतं ते एका जित्या माणसासमोर बसून खरं बोलणं. देव उलट प्रश्न विचारत नाही, म्हणून त्याच्याशी आपलं बरं जमतं.

एएमध्ये, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये, मी गेलो तो बायकोनं घराबाहेर काढल्यावर. (माझ्या अकाउंटला खरं नाव नाही, फोटोच्या जागी तुळस आहे, ते त्यांच्या अनामिकतेच्या परंपरेमुळंच.) १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात शेअर बाजारातला बिल विल्सन आणि सर्जन डॉ. बॉब स्मिथ हे दोन पिणारे एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. दारूतून बाहेर पडायच्या त्यांच्या बारा पायऱ्या छापून आल्या १९३९ मध्ये. पहिल्या पायरीत देवाचं नावच नाही. दारूपुढं आपलं काही चालत नाही आणि आयुष्य हाताबाहेर गेलंय, एवढंच कबूल करायचं. देव पुढं येतो, तोही 'आम्हाला उमजला तसा'. माझा विटेवरचाच राहिला, कुणी हरकत घेतली नाही. जन्माची शपथ कुणी मागत नाही, फक्त आजचा दिवस. आणि फी नाही. डबा फिरतो, जमेल ते टाकायचं.

चौथी पायरी म्हणजे स्वतःची झाडाझडती, तीही लेखी. मी बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यात लेथवर. सकाळी मायक्रोमीटर धरला की हात असा थरथरायचा की रीडिंग लागायचं नाही. चहाच्या सुट्टीत मागच्या गल्लीत जाऊन टाकून आलो की हात दगडासारखा स्थिर. तोवरचे जॉब रिजेक्ट. मी सांगायचो मशीन जुनं झालंय, आणि बोलणी खायचा हेल्पर पोरगा. वहीत पहिलं तेच लिहिलं.

पाचव्या पायरीला ती वही दुसऱ्या माणसापुढं उघडायची. माझे स्पॉन्सर, म्हणजे नव्याला हात धरून पायऱ्या चढवणारा जुना सोबती, गोकाककडचे, घरी कन्नड. आमच्याकडं पाटीवरच्या अक्षरांवरून डोकी फुटतात, आणि मी बसलो होतो त्यांच्यापुढं. "मी दारुडा आहे" हे मराठीत तोंडातून निघेना, घशात अडकलं. शेवटी मोडक्या कन्नडमध्ये म्हणालो, "नानु कुडुका." ते म्हणाले, "नानू." मीपण. मग पुढचे तीन तास मराठीतच बोललो. त्यांना निम्मं तरी कळलं असेल.

शिकलेले मित्र उलट बाजूनं हसतात, हे भजनच की म्हणून. त्यांच्यासाठी एवढंच: उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०२० मध्ये २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं तपासली. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत एए आणि तिकडं नेणारे उपचार बाकीच्यांच्या बरोबरीचे, काही ठिकाणी वरचढच निघाले. म्हणून सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही. आमच्यातलेही परत गेलेत. एकाच्या तर मातीला जाऊन आलोय.

आणि हे मात्र नीट वाचा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली की जिवावर बेतू शकतं. माळ घातल्यावर दोन-तीन दिवसांत माणूस थरथरायला लागला, फिट आली, भिंतीवर किडे दिसतात म्हणाला, तर अंगात आलंय म्हणून अंगारा लावत बसू नका. तडक दवाखान्यात न्या. पायऱ्या नंतर चढता येतात.

नववी पायरी भरपाईची. सगळ्यात जास्त दिवस मी हिला टाळलं. थोरल्या अक्काची बोरमाळ मी गहाण टाकली होती आणि सोडवली नाही. तिच्या दारात गेलो तेव्हा ती परसात तांदूळ पाखडत होती. "काय करूलालास रे इकडं?" म्हणाली, सूप काही थांबलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "माफी लई वेळा मागून झालीय तुझी. पैसे किती आणलास?"

दीड हजार होते. तिनं दोनदा मोजले, आत जाऊन पोराची जुनी वही आणली, तारीख घातली, मला सही करायला लावली. तेव्हापासून दर महिन्याला जातो. चहा देते, सही घेते. अजून नऊ हजार राहिलेत.