घड्याळाची सर्व्हिसिंग: मशीनचं वेगळं, रबराचं वेगळं

महागडं चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ किती वर्षांनी खोलायचं, यावर आपल्या खान्देशात दोनच मतं ऐकू येतात. एक शोरूमवाल्याचं: "दर तीन वर्षांनी करायचीच." दुसरं अस्सल आपल्या बोलीतलं: "चाली ऱ्हायनं ना भो, मंग कसाले खोलानं?" मला दोन्ही पटत नाहीत, आणि दुसरं तर हमखास महागात पडतं.

घड्याळ वेळ दाखवतं ते बॅलन्स (मागे-पुढे झोके घेणारं चाक) आणि हेअरस्प्रिंग (त्याला मागे खेचणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) यांच्या जोरावर. बॅलन्सचा झोका थोडा कमी झाला तरी एका झोक्याला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो. म्हणून आत तेल सुकलं तरी काटे वेळ बरोबरच दाखवत राहतात. इकडे आजचं बहुतेक मशीन तासाला २८,८०० ठोके देत असतं, म्हणजे सेकंदाला ८ आणि वर्षाला २५ कोटींच्या वर. तेल संपलं की पोलादी पिव्होट (चाकाच्या आसाचं बारीक टोक) माणकाच्या ज्वेलमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या खड्यात, कोरडाच फिरतो. ज्वेल कडक, त्यामुळे झिजतो तो पिव्होट. त्याचा चुरा उरल्यासुरल्या तेलात मिसळून काळपट-तांबूस लेप होतो आणि तो लेप पॉलिश पेपरसारखा घासत बसतो. लूप (डोळ्याचं भिंग) लावून पाहिलं तर चकचकीत पिव्होटवर अंगठी घातल्यासारखी खाच दिसते. वेळेत खोललं असतं तर धुणं आणि तेल एवढ्यावर भागलं असतं. आता चाक बदलावं लागतं, आणि जुन्या मॉडेलचं चाक मिळायलाच महिने जातात.

कंपन्या काय सांगतात? रोलेक्स साधारण १० वर्षं म्हणते, मॉडेल आणि वापर बघून. ओमेगा ५ ते ८ वर्षं म्हणते. हे आकडे आजच्या सिंथेटिक तेलांच्या भरवशावर आहेत. जुन्या एचएमटीला किंवा आजोबांच्या स्विस घड्याळाला ते लावू नका, तिथे ४-५ वर्षं हाच माझा हिशेब. माझं म्हणणं एवढंच की मशीन मोजून खोलायचं आणि पाणी अडवणारं रबर तारखेवर तपासायचं. आपण नेमकं उलटं करतो.

मोजायचं कसं? टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून मोजणारं यंत्र) घड्याळ ठेवलं की तीन आकडे येतात: दिवसाची पुढे-मागे सेकंदं, बीट एरर (टिक आणि टॉकमधला फरक) आणि ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका किती अंशांचा. लोक पहिला आकडा बघून खूश होतात. बघायचा तिसरा. पूर्ण चावी दिलेलं निरोगी मशीन डायल वर करून ठेवल्यावर साधारण २७० ते ३१० अंश झोका देतं, उभं धरलं की २०-४० अंशांनी कमी. चावी देऊन २४ तासांनी उभ्या स्थितीत झोका २०० च्या खाली येत असेल, तर वेळ कितीही बरोबर असो, सर्व्हिसिंगची वेळ झाली. मात्र मशीनचा लिफ्ट अँगल (ठोक्याच्या वेळी बॅलन्स जेवढे अंश फिरतो तो कोन) टाइमग्राफरमध्ये आधी भरायला हवा. स्विस मशीनना बहुधा ५० ते ५२ चालतो, ओमेगाच्या को-ॲक्सियल नावाच्या वेगळ्या रचनेच्या मशीनला ३८. तो चुकला की ॲम्प्लिट्यूडचा आकडा सरळ खोटा.

टाइमग्राफर नसेल तर घरी करता येईल अशी परीक्षा: चावीला ४० वेढे द्या, डायल वर करून कपाटात ठेवा आणि कधी बंद पडतं ते लिहा. रोलेक्सचं ३२३५ मशीन ७० तास चालायला हवं, जुनं ३१३५ ४८ तास, ईटीए या स्विस कंपनीचं २८२४ साधारण ३८ तास. ७० चं घड्याळ ५५ वर थांबत असेल तर आत काहीतरी कोरडं आहे. आणखी एक खूण म्हणजे हाताने चावी देताना रोटर (ऑटोमॅटिकमधलं, हात हलला की फिरून चावी देणारं वजन) गरगर फिरू लागणं. २८२४ सारख्या मशीनमध्ये असं झालं की रिव्हर्सर चाकं (रोटरची फिरकी एकाच दिशेला वळवणारी) सुकली समजा. तशीच चावी देत राहिलात तर दात जातात.

घड्याळ अचानक दिवसाला मिनिटभर किंवा जास्त पुढे जाऊ लागलं, तर मात्र सर्व्हिसिंगला पळू नका. आधी होकायंत्र शेजारी धरा. सुई हलली तर हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व आलंय: स्पीकर, मोबाइलच्या कव्हरचं मॅग्नेट, पर्सचं बटण, काहीही. डीमॅग्नेटायझरवर मिनिटभराचं काम. एवढ्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचं बिल लावणारे भेटतात, सांभाळा.

आता रबर. मागचं झाकण, चावीची नळी आणि काच, तिन्हीकडे गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी कडी, असतं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेने रबर कडक होतं, चपटं होतं, तेलही पातळ होऊन जागा सोडतं. घामाचं मीठ झाकणाच्या खाचेत बसून स्टीललाही खड्डे पाडतं. मग जूनमध्ये पहिल्या पावसात काचेच्या आत धुकं. चोपड्याजवळ उनपदेवच्या गरम कुंडात घड्याळ घालून उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: डायलवर १०० मीटर लिहिलंय ते नव्या रबरावर केलेल्या दाबाच्या चाचणीचं, गरम पाण्याचं नव्हे.

म्हणून दरवर्षी मे अखेरीस, पावसाच्या आधी, प्रेशर टेस्ट. हवेच्या दाबाची कोरडी चाचणी पाच-दहा मिनिटांत होते, मशीनला हात लागत नाही. ज्याच्याकडे हे यंत्र नाही त्याने झाकण उघडून "पॅक केलं" म्हटलं तर त्याला काही अर्थ नाही. आत धुकं दिसलंच तर तांदळात ठेवू नका, उन्हात तर मुळीच नको. चावी ओढून सेकंद काटा थांबवा आणि त्याच दिवशी झाकण उघडून घ्या. गंज दोन दिवसही थांबत नाही.

सर्व्हिसिंग म्हणजे काय, हेही विचारून घ्या. साध्या ऑटोमॅटिकचे शंभराहून जास्त भाग सुटे होतात, अल्ट्रासोनिकमध्ये धुतले जातात, मेनस्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) बहुधा नवी पडते आणि तेल जागेप्रमाणे बदलतं. वेगाने फिरणाऱ्या बारीक पिव्होटला पातळ, जास्त दाबाच्या ठिकाणी घट्ट, पॅलेटच्या (बॅलन्सला धक्का देणाऱ्या फोर्कच्या) खड्यांना वेगळं ग्रीस. ज्वेलची वाटी अर्धी ते दोन तृतीयांश भरली की पुरे. चाकांच्या दातांना तेल नाही, पॅलेट फोर्कच्या पिव्होटलाही नाही.

आपल्या बाजारात अजून चालणारी रीत म्हणजे मशीन न खोलता पेट्रोलमध्ये बुडवायचं, फुंकर मारायची आणि शिलाई मशीनचं तेल सोडायचं. घड्याळ लगेच टणाटण चालतं, गिऱ्हाईक खूश. महिनाभरात तेल पसरून हेअरस्प्रिंगवर जातं, वेटोळे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ तासाला मिनिटंच्या मिनिटं पुढे पळतं. लाखाच्या घड्याळाशी हे करू देऊ नका, शंभराच्या घड्याळाशीही नको.

फक्त लग्नसराईत घालायचं घड्याळ कपाटात असेल तर त्याला फिरवत ठेवणारा डबा घेण्याची गरज मला वाटत नाही. बंद घड्याळात पिव्होट झिजत नाही. उलट ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर किंवा बुलेटवर रोज घालणाऱ्याने टाइमग्राफरची मोजणी दर दोन वर्षांनी करावी, कारण त्या थरथरीचा मार रोटरच्या बेअरिंगला बसतो.

पॉलिशचं मात्र स्पष्ट सांगा: नको. दर पॉलिशला केसचं धातू जातं, धारदार कडा गोल होतात, आणि विकताना किंमत तिथेच पडते. जॉब शीटवर "पॉलिश नको, बदललेले भाग परत द्या" असं लिहून घ्या. मुंबई-पुण्याच्या अधिकृत सेंटरला पाठवत असाल तर सिरियल नंबर, डायल, कडा आणि झाकणाचे फोटो आधी काढा, विमा पूर्ण किमतीचा घ्या. चामड्याचा पट्टा काढून घरीच ठेवा. आणि परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती कपाटातली तासांची परीक्षा पुन्हा करा. रोलेक्स-ओमेगाच्या सर्व्हिसला २ वर्षांची वॉरंटी असते, तक्रार करायची ती त्या मुदतीत.