गाडी चालक रेंगाळवत नाही, एकेरी रूळ रेंगाळवतो

परभणी-मुंबई ये-जा करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : ‘इंजिन १६०ने पळू शकतं, पण मराठवाड्यात चालक मुद्दाम रेंगाळतात, थांबा नसलेल्या स्टेशनातही गाडी उभी करतात. वंदे भारतचे डबे द्या, प्रश्न मिटला.’ उशिराची चीड मलाही आहे, पण ती चुकीच्या माणसावर निघतेय.

चालकाच्या मर्जीवर काहीच नसतं. कुठून कुठपर्यंत किती वेगाने जायचं, याची लेखी सूचना, म्हणजे कॉशन ऑर्डर, त्याच्या हातात असते. खिडकीतून बघा, रुळालगत पिवळा त्रिकोणी फलक आणि त्यावर काळा आकडा दिसेल. तो आकडा ओलांडला की इंजिनात नोंद होते, जाब द्यावा लागतो. शेवटचा डबा तो पट्टा ओलांडेपर्यंत वेग वाढवता येत नाही. आपल्या काळ्या मातीचा भराव पावसात मऊ पडतो, उन्हाळ्यात रूळ तापून वाकायची भीती असते. असे फलक उगाच लागत नाहीत.

इंजिनाचं म्हणाल, तर वंदे भारतने २०२२ मध्ये कोटा-नागदा मार्गावर चाचणीत १८०चा वेग गाठला. तीच गाडी आपल्याकडे आली की आपल्या रुळाच्या मर्यादेतच धावते. गाडी, रूळ, वळण, सिग्नल यांत ज्याची मर्यादा सगळ्यात कमी, तोच वेग. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबायला जवळपास चौपट अंतर लागतं, म्हणून पुढच्या सिग्नलची सूचना निदान १ किलोमीटर आधी मिळावी लागते.

आता थांबा नसताना उभं राहण्याचं. मनमाड ते परभणी हा मार्ग बहुतांशी एकेरी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना मिळून एकच रूळ. सेलूला किंवा मानवत रोडला समोरून गाडी येणार असेल, तर एकीला लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, जावंच लागतं. तिथे सांध्यावरून वळताना वेग साधारण ३०. बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब, म्हणजे नुसती आत शिरायलाच मिनिटभर लागतं. त्याआधी ब्रेक, मग समोरची गाडी जाईपर्यंत वाट, मग पुन्हा तशाच वेगाने बाहेर. एका क्रॉसिंगला दहा मिनिटं सहज जातात. यात चालकाने काय करावं?

परभणी-मुदखेड दुहेरी झालंय. छत्रपती संभाजीनगर-परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. खासदारांना निवेदन द्यायचं तर त्यात डबे नकोत, या कामाची तारीख मागा.